नानांच्या समुद्रात कोणी काय टाकलं

१

सकाळी टाकीवरचा दिवा लागला आणि रूपालीच्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत गेलाच नाही. काचेपलीकडच्या जांभळ्या प्रवाळाची कातडी सुटली होती. ओल्या कागदासारख्या तिच्या चिंध्या पाण्यात हलत होत्या आणि आतून पांढरीफटक हाडं दिसत होती. मासे मात्र नेहमीसारखे काचेपाशी येऊन खाणं मागत होते.

पलंगावरून तिचे सासरे गिरधर नाना हे सगळं बघत होते. त्यांचं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत गेलं होतं. निवृत्त होऊन जळगावला आले, तेव्हा त्यांनी हॉलची अख्खी एक भिंत अडवून खाऱ्या पाण्याची टाकी बांधली आणि परदेशातल्या शेतांत वाढवलेली प्रवाळं रीतसर कागदपत्रं करून मागवली. कोणी त्यांना झाडं म्हटलं की नाना चिडायचे. "झाड नाही, जनावर आहे ते. आपल्यासारखंच हाडामांसाचं." गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. मग जितेंद्रने, रूपालीच्या नवऱ्याने, वडिलांचा पलंग हॉलमध्येच टाकीसमोर आणला. आता तेवढंच बघणं नानांच्या हातात उरलं होतं.

"बत्ती," नानांनी डावा हात उचलला. शब्द जिभेवरून घसरत बाहेर पडला. "बत्ती... बत्ती..."

कित्येक दिवस ते हेच म्हणत होते. दिवा जास्त होतोय असं समजून जितेंद्रने तो दोनदा कमी केला होता. तरी नानांचं थांबत नव्हतं.

नानांना अंघोळ घालायला, फिरवायला, भरवायला यावलचा वना ठेवला होता. तो आत्ता टाकीपाशी उभा होता. त्याचा हात कोपरापर्यंत ओला होता आणि मुठीत प्रवाळाची तुटलेली फांदी होती.

"हात घातलास पाण्यात?" जितेंद्र आतल्या खोलीतून आला तोच ओरडत. "नानांना साबण लावून झाला आणि तोच हात टाकीत? रोज घालत असशील!"

"नानांनीच खुणावलं भाऊ. फांदी खाली पडलेली होती..."

"नाना खुणावतात! ज्यांना पाणी मागता येत नाही ते तुला खुणावतात?"

वनाने रूपालीकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नानांनी बोट केलेलं तिने पाहिलं होतं. वनाने हात आधी मोरीत नुसत्या पाण्याने दोनदा धुतला, तेही पाहिलं होतं. एक शब्द पुरला असता.

रूपालीने कपात पाहिलं.

जितेंद्रने वनाची पिशवी जिन्यात ठेवली. त्याचा आवाज तिन्ही मजल्यांवर गेला आणि दारं उघडली. "माणसाला जीव लावावा आणि त्याने घरात विष कालवावं!" वना पिशवी उचलून पायऱ्या उतरत गेला.

रूपाली गप्प राहिली, कारण टाकी कोणी मारली हे तिला ठाऊक होतं. तिनेच मारली होती.

२

प्रवाळं पाण्यातला चुना आणि सोडा ओढून आपली हाडं बांधतात. घरच्या टाकीत तो रोज वरून घालावा लागतो. त्यासाठी नाना सोड्याचं पाणी करून बाटलीत ठेवत. रोज सकाळी एक झाकण. हे काम त्यांनी रूपालीला शिकवलं होतं, जितेंद्रला नाही. "तू विसरायची नाहीस," असं म्हणाले होते.

आणि ती विसरली होती. नाना दवाखान्यात होते तेव्हा घर, दवाखाना, डबे, पाहुणे या धावपळीत बाटलीची आठवणच राहिली नाही. घरी आल्यावर एक दिवस तिला जांभळ्या प्रवाळाच्या बुडाशी नखाएवढा पांढरा डाग दिसला. त्या दिवसापासून तिने सकाळच्या झाकणासोबत दुपारी, सगळे पडलेले असताना, आणखी एक झाकण घालायला सुरुवात केली. राहिलेली उपासमार भरून काढायची म्हणून. कोणाला सांगितलं मात्र नाही. सांगायचं तर आधी विसरल्याचं सांगावं लागलं असतं.

डाग वाढतच गेला. आपण फार उशीर केला, एवढंच तिला कळत होतं.

वना गेल्यावर नानांनी दुपारचं जेवण घेतलं नाही. अक्कांनी, म्हणजे रूपालीच्या सासूबाई झुंबरबाईंनी, खिमटीचा चमचा तोंडाशी नेला की ते मान फिरवत. दुसऱ्या दिवशीही तेच.

"असं चाललं तर नळी घालावी लागेल," डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी रूपालीने नानांचा फोन चार्ज केला. त्यात प्रवाळं पाळणाऱ्या मंडळींचा एक गट होता. त्यातली सगळ्यांत जवळ राहणारी होती धुळ्याची सारिका बोरसे. तिची तिथे रक्त तपासायची लॅब होती आणि नाना तिच्याशी तासन्‌तास बोलत, हे रूपालीने ऐकलं होतं. तिने फोटो पाठवले. उत्तर लगेच आलं.

"कशालाही हात लावू नका. पाण्यात काहीही टाकू नका. उद्या येते. आणि घरातलं कोणी बाहेर जाऊ नका, सगळ्यांशी बोलायचंय."

शेवटचं वाक्य रूपालीने पुन्हा वाचलं. आपणच आपल्याला पकडायला माणूस बोलावलाय, हे तिच्या लक्षात आलं.

३

सारिका सकाळच्या बसने आली. चाळिशीतली, ठेंगणी, खांद्याला मोठी पिशवी. घरात शिरल्यावर ती आधी टाकीकडे गेली नाही, पलंगाकडे गेली.

"कसा शेतस नाना? वळखं का?"

नानांचा अर्धा चेहरा हसला. ही बोली या घरात कोणी ऐकली नव्हती. नाना मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले, पण पोरवयातच जहाजावर गेले. अक्का यावलकडच्या. लग्न झाल्यापासून दोघांचं बोलणं साध्या मराठीतच होत आलं होतं.

"बत्ती," नाना म्हणाले. "बत्ती..."

"दिव्याचं सारखं म्हणतात," जितेंद्र म्हणाला. "कमी केला तरी तेच."

सारिकाने पिशवी खाली ठेवली. ती टाकीसमोर मांडी घालून बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग बॅटरी काढून कोपरे पाहिले, पिशवीतलं भिंग काचेला लावून पाहिलं, एक मेलेली फांदी वाटीत औषधाच्या पाण्यात घालून हलवली आणि तळाशी काय पडतं ते पाहिलं. काही पडलं नाही.

"किडा नाही," ती म्हणाली. "चावल्याच्या खुणा नाहीत, अंडी नाहीत. आणि जितूभाऊ, दिव्याचाही दोष नाही. दिव्याने मरायचं तर वरची आधी मेली असती. इथे कपारीखाली, सावलीतलंही मेलंय."

"मग साबणच. मी तेच म्हणतोय."

"तो फेस काढणारा नळकांड्याचा पंप दिसतो? साबणाचा एक थेंब गेला तरी तो वेड्यासारखा उतू जातो. जमिनीवर पाणी येतं. आलं होतं कधी?"

जितेंद्रने पंपाखालच्या कोरड्या फरशीकडे पाहिलं.

"आणि विष म्हणाल तर आधी गोगलगाई मरतात, मग झिंगे. बघा, काचेवर आरामात चरताहेत." ती उठली. "कोण होता तो माणूस, ज्याला तुम्ही काढलं?"

"वना," रूपालीच्या तोंडून निघालं.

"त्याने काही केलेलं नाही."

जितेंद्रने मान खाली घातली. रूपालीला वाटलं, आता सांगावं. पण तेवढ्यात सारिकाने काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं आणि ड्रॉपर काढला.

"यात थेंब टाकत जायचे. पाणी निळं होतं, मग पिवळं. जेवढे थेंब लागतील तेवढा पाण्यात सोडा."

उपासमार सिद्ध होणार. आता लगेच पिवळं होईल.

सारिका थेंब टाकत गेली. पाणी निळं. आणखी टाकले. निळंच. नेहमीच्या टाकीत जिथे रंग पालटतो ती खूण कधीच मागे पडली होती आणि तिचा ड्रॉपर रिकामा होत आला होता.

"अगं बाई," सारिका हळूच म्हणाली. "उपाशी नाही मेली ही. यांना कोणीतरी खायला घालून घालून मारलंय."

४

रूपालीला हसावं की रडावं कळेना. तिचं विसरणं निर्दोष ठरलं होतं. ज्या दुपारच्या झाकणाने ती मन शांत करत होती, त्यानेच घात केला होता.

सारिकाने एकेकाला समोर बसवलं. तिचा आवाज चढा नव्हता, म्हणूनच जास्त भीती वाटत होती.

"सोड्याचं पाणी कोण घालतं?"

"मी," रूपाली म्हणाली. "सकाळी एक झाकण."

"एवढंच?"

"...हो."

आयुष्यातलं सगळ्यांत सोपं खोटं.

"जितूभाऊ, तुम्ही?"

"मी टाकीकडे फिरकतही नाही. नानांनी मला कधी शिकवलंच नाही." त्याने हे जरा जास्तच जोरात सांगितलं.

अक्का पदराला हात पुसत म्हणाल्या, "मले काय समजते त्यातलं? जन्मभर या समुद्रानं माह्या नवऱ्याले दूर ठेवलं. मी त्याच्याकडे पाहात बी नाही."

सारिका पुन्हा टाकीकडे गेली. बाही सरकवून हात आत घातला आणि वाळू चाचपू लागली. उजव्या कोपऱ्यात तिचा हात थांबला. तिने वर काढला तो वाळूचा गट्टा होता, सिमेंटसारखा घट्ट.

"सोडा जास्त झाला की तो चुन्याला धरून खाली बसतो. जिथे ओतला जातो तिथे आधी." ती डावीकडे सरकली. तिथेही गट्टा. मग मधोमध, अगदी पुढच्या काचेजवळ. तिथे तर वाळूवर पिठासारखी पांढरी भुकटी होती. "प्रवाळं वरून मेली नाहीत, खालून मेली नाहीत, हे कोडं मला मघापासून सुटत नव्हतं. या तीन जागांच्या आजूबाजूची आधी मेली. एकच माणूस रोज तीन ठिकाणी जाऊन कशाला ओतेल?"

ती पलंगाकडे वळली. या घरात एकच साक्षीदार होता आणि त्याने रोज सगळं पाहिलं होतं.

"नाना," ती वाकली. "त्या पानीमा कोनी टाकं?"

नानांनी डावा हात उचलला. "बत्ती..."

"बत्ती? का बठ्ठा?"

नानांनी डोळे मिटले. बंद पापण्यांखालून पाणी आलं. मग त्यांनी जीभ गोळा करून, एकेक अक्षर ढकलत म्हटलं, "बठ्ठा. बठ्ठास्नी."

५

"बठ्ठा म्हणजे सगळे," सारिका म्हणाली. "झटक्यानंतर कधी कधी माणसाला लहानपणची बोली तेवढी सापडते. ते दिव्याबद्दल बोलतच नव्हते. एवढे दिवस ते तुम्हाला ओरडून सांगताहेत की सगळेच टाकताय, थांबा."



"उजव्या कोपऱ्याखाली कपाट आहे, त्यात बाटली. जो बाटलीतून घालतो तो तिथेच उभा राहतो. डावीकडचा कोपरा बाहेरच्या दाराजवळ. तिथे जो घालतो तो जाता-येता घाईत घालतो, आणि काचेच्या वरच्या कडेवर ओघळ आहेत, म्हणजे उंच आहे. आणि मधे भुकटी आहे, पाण्यात न विरघळवताच टाकलेली, काचेला अगदी लागून. ज्याचा हात आत पुरत नाही त्याने." तिने कोणाकडेच पाहिलं नाही. "मी नाव घेणार नाही. माझं काम निदान करायचं."

रूपालीला वाटलं, आपण गप्प राहिलो तर कदाचित त्या दोघांवरच सगळं जाईल. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःची शिसारी आली. हेच तिने वनाबाबत केलं होतं.

"उजवा कोपरा माझा," ती म्हणाली. "दुपारी दुसरं झाकण. नाना दवाखान्यात असताना मी एक दिवसही घातलं नव्हतं. ते कोणाला कळू नये म्हणून भरून काढत होते."

जितेंद्र तिच्याकडे बघत राहिला. मग भिंतीला टेकून खाली बसला.

"दवाखान्याच्या दिवसांत बाटली हललीच नव्हती, ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, तू अजूनही विसरतेयस. बाल्कनीत नानांनी करून ठेवलेला सोड्याच्या पाण्याचा कॅन होता. दुकानात जाताना रोज घालायचो." तो घुटमळला. "झटका आला त्या सकाळी मी त्यांना म्हटलं होतं, हे डबकं काढा आता, तुमच्यामागे कोण बघणार याला. ते काही बोलले नाहीत. मग पडलेच. म्हटलं, निदान हे तरी मरू नये."

अक्का उभ्याच होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

"मी बी टाकत व्हती," त्या शेवटी म्हणाल्या. "भज्यातला सोडा. चिमूट चिमूट. ते एकदा म्हणाले व्हते, या सोड्यावरच जगतात बिचारे. यायनं जेवण सोडलं तं मी मूठच टाकली परवाच्या रोजी. मले वाटे, हे जगले तं ते बी जगतीन." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "आयुष्यभर मी त्या पाण्याले शिव्या देल्या ना."

नानांनी डावा हात पलंगाच्या कडेवर सरकवला. अक्कांनी तो धरला.

"आता काय करायचं?" जितेंद्रने विचारलं. "पाणी सगळं बदलून टाकू? आत्ता?"

"तेच करू नका. एकदम बदललंत तर उरलेली पण जातील." सारिकाने पिशवीतून छोटी कात्री आणि चिकटवायचा गोंद काढला. "मरत आलेल्या फांद्यांची जिवंत टोकं कापून घेऊ, दगडाच्या चकत्यांवर चिकटवू. त्यातली काही लागतील. पाणी थोडं थोडं बदला, पण सोडा बंद. पूर्ण बंद. मी रोज फोनवर तपासणीचा रंग बघेन. प्रवाळं स्वतःच जास्तीचा सोडा खाऊन संपवतील."

"म्हणजे आम्ही काय करायचं?"

"काही नाही. तेच तुम्हाला जमलेलं नाही."

तिने कात्रीने पहिलं टोक कापलं. बोटाच्या पेराएवढं, अजून जांभळं. नानांनी मान हलवली, ते पुढच्या टोकाकडे डोळ्याने खुणावत होते. सारिका त्यांच्या नजरेमागे कात्री नेत होती. जितेंद्र हे बघत होता. खुणावता येत होतं त्यांना, पहिल्यापासून.

६

त्या संध्याकाळी जितेंद्रने वनाला फोन लावला. वनाने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"मी जाते," रूपाली म्हणाली.

यावलच्या बसमधून उतरून तिला विचारत विचारत जावं लागलं. वना केळीच्या बागेत घड वाहत होता. खांद्यावर चुंबळ, अंगावर चिकाचे काळे डाग. तिला पाहून त्याने घड खाली ठेवला, पण जवळ आला नाही.

"नाना जेवतात का?" त्याने तिथूनच विचारलं.

"कमी. तुझ्या हातची सवय आहे." ती दोन पावलं पुढे गेली. "वना, तुझा दोष नव्हता. आमचाच होता, आम्हा तिघांचा. यांना पण कळलंय. तू परत ये."

"वहिनी, ते प्रवाळ कसं मेलं, मले काय करायचं त्याचं." त्याने हात पुसले. "तुम्ही दारात व्हत्या. नानांनी बोट केलं ते तुम्ही पाहिलं. मी तुमच्याकडे पाहिलं, तं तुम्ही कपात पाहिलं."

मघापासून मनात जुळवलेली सगळी वाक्यं या एका वाक्यापुढे निकामी झाली होती.

"त्याच जिन्यात दोन घरी मले रात्रपाळीचं काम मिळणार व्हतं. आता ते लोक फोन घेत नाहीत. विष कालवणारा कोणाला पाहिजे घरात?" तो पुन्हा घडाकडे वळला. "नानांसाठी मी येईन. पण चोरासारखा मागच्या दारानं नाही येणार."

"कसा येशील?"

"ज्यायनं मले जाताना पाहिलं, त्यायनं मले येताना पाहिलं पाहिजे. आणि मी का गेलो ते तुमच्या तोंडून ऐकलं पाहिजे. भाऊच्या नाही. तुमच्या."

तिने होकार दिला. परतीच्या बसमध्ये वना पुढच्या बाकावर बसला, ती मागच्या.

बिल्डिंगच्या खाली संध्याकाळची मंडळी होती. बाकावर म्हाताऱ्या, दुचाकी पुसणारे, भाजीवाल्याच्या गाडीभोवतीच्या बायका. वनाला पाहून बोलणं थांबलं. तिसऱ्या मजल्यावरून जितेंद्र खाली उतरला होता आणि जिन्याच्या तोंडाशी उभा होता. तो पुढे व्हायला लागला तसा रूपालीने हाताने त्याला थांबवलं.

आयुष्यात ती कधी चार माणसांसमोर उभी राहून बोलली नव्हती.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. आवाज फार बारीक आला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "मला एक सांगायचंय. वनाला आमच्या घरातून काढलं तेव्हा तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. त्याने काही केलेलं नव्हतं. टाकी आम्ही घरच्यांनीच मारली. आणि वना खरं बोलत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी तेव्हाच सांगू शकत होते. मी गप्प राहिले, कारण माझं बिंग फुटेल याची मला भीती वाटली."

भाजीवाल्याच्या हातातला तराजू हवेत राहिला होता. एका म्हातारीने "अरे देवा" म्हटलं, ते कोणासाठी म्हटलं हे कळलं नाही. कोणी रूपालीकडे बघत होतं, कोणी मुद्दाम बघत नव्हतं. तिला वाटत होतं आता हलकं वाटेल. वाटलं नाही.

तिने वनाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर ना राग होता ना माफी. काम झाल्यासारखं त्याने मान डोलावली, पिशवी खांद्याला लावली आणि जितेंद्रच्या बाजूने वाट काढत, तिच्यासाठी न थांबता, जिना चढायला लागला.